त्याच जागी, त्याच आकारात

मी सूड घेतला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तुमचा तसा हेतू नसेल हो' म्हणत मला सावरायला येऊ नये. हेतू तसाच होता, आणि चांगला तीन आठवडे मनात शिजवलेला होता.

मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. छापायच्या आधी पान माझ्या टेबलावर येतं, मी लाल पेनाने त्यातल्या चुका काढते, खाली सही करते आणि पान पुढे जातं. एकवीस वर्षं हेच करतेय. लोकांना माझं नाव माहीत नाही, माझ्या चुका मात्र सगळ्यांना दिसतात. असलं काम आहे.

माझी धाकटी बहीण मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात. आम्ही दोघी एकत्र राहतो. लग्न दोघींचंही झालं नाही, आणि त्याचं जेवढं दुःख शेजाऱ्यांना आहे तेवढं आम्हाला कधीच झालं नाही. धाकटीला प्रेमकादंबऱ्यांचा नाद. पातळ, चकचकीत, वर दोन चेहरे जवळजवळ आलेले, तसल्या. इस्पितळात नेताना ती त्यांना आमच्याच वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, कुणी बघू नये म्हणून. मी एकदा चिडवलं, "अगं, शेवट तर तुला पहिल्या पानावरच कळतो, मग वाचतेस कशाला?" तर म्हणाली, "ताई, मी दिवसभर ज्यांच्या उशाशी उभी असते त्यांचं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. डॉक्टरांनाही नाही. मग एक तरी गोष्ट अशी नको का, जिथे ती दोघं शेवटी भेटणार हे पक्कं ठाऊक आहे?" त्यानंतर मी चिडवायचं सोडून दिलं.

आता त्याच्याबद्दल. आमच्या रविवारच्या पुरवणीचा प्रमुख. दर आठवड्याला पुस्तकांवर सदर लिहितो, फोटोसकट. आम्ही मुद्रितशोधक त्याला बृहस्पती म्हणतो, पाठीमागे अर्थात. जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत, आणि न वाचलेल्या पुस्तकांविषयी तर जरा जास्तच कळतं.

एके दिवशी बृहस्पती चक्क माझ्या टेबलाशी आला. "बाई, तुमच्या ओळखीत कुणी त्या गुलाबी कादंबऱ्या वाचणारं आहे का हो? लेख करतोय. अगदी आदरानं करणार, काळजी नको."

आणि मी मूर्ख! एकवीस वर्षं त्याच्या चुका काढल्या, पण एवढी मोठी थाप ओळखता आली नाही. घरी जाऊन मीच धाकटीच्या मागे लागले. ती नको नको म्हणत होती. "ताई, हसतील गं." म्हटलं, "कोण हसतंय? माझ्या ऑफिसातला माणूस आहे." शेवटी तयार झाली. इस्त्रीचे कपडे घातले, चहा केला, दीड तास बोलली. पुस्तकांचं कपाट उघडून दाखवलं. एकशे साठ पुस्तकं, लावलेली नीट. छायाचित्रकाराने त्या कपाटापुढे तिला उभं केलं आणि हातात एक पुस्तक दिलं.

पुरवणीची पानं गुरुवारी संध्याकाळी सहाला छपाईला सुटतात. त्या गुरुवारी माझी जोडीदारीण रजेवर होती आणि चार पानं एकदम येऊन पडली. आता आमची एक खोड सांगते, तिच्यावरच सगळं अडलंय. घाईच्या दिवशी मी पान खालून वर वाचते. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. वरून वाचलं की माणूस गोष्टीत गुंततो आणि डोळे चुका गिळून टाकतात. खालून वाचलं की अर्थ लागतच नाही, नुसती अक्षरं दिसतात, आणि एकही चूक सुटत नाही. मोठ्या अभिमानाने मी ही युक्ती नव्या मुलींना शिकवलेली आहे. त्या दिवशी मथळा यायचा होता, फोटोची चौकट कोरी होती. मी अकरा चुका काढल्या, सही केली आणि घरी गेले.

रविवारी पुरवणी उघडली. अर्धं पान. वर मथळा: 'पंचेचाळिशीतली परीकथा'. खाली माझी धाकटी, हातात पुस्तक, भोळं हसू. आणि मजकूर? 'लग्नाचं वय हुकलं की काही स्त्रिया कागदी राजपुत्राशी संसार थाटतात.' 'शेवट माहीत असलेलं पुस्तकच त्यांना झेपतं, कारण विचार करायची गरज पडत नाही.' आणि सगळ्यात शेवटी, जे वाक्य मी सगळ्यात आधी वाचलं होतं आणि ज्यातला एक काना दुरुस्त केला होता, ते असं: 'या सिस्टरच्या हाती आपली जखम सोपवताना एकदा विचार करा, तिचं लक्ष पट्टीत आहे की पुढच्या चुंबनात.'

धाकटीने ते उभ्यानेच वाचलं. पुरवणीची घडी घातली. मग विचारलं, "ताई, हे पान तुझ्याकडूनच गेलं ना?"

"हो."

"मग तू वाचलं असशील."

मी तिला खालून वर वाचण्याचं सगळं सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. कोण विश्वास ठेवेल, की सख्ख्या बहिणीची अब्रू काढलेली ओळ न् ओळ तपासली पण वाचली नाही? ती म्हणाली, "बरं." एवढंच. चिडली असती, रडली असती, मला चार शब्द सुनावले असते तर चाललं असतं. त्या 'बरं'ने माझा जीव घेतला.

सोमवारी वॉर्डात एका डॉक्टरने विचारलं, "काय सिस्टर, आज पट्टी की चुंबन?" सगळे फिदीफिदी हसले. तेही तिने सोसलं असतं. पण मंगळवारी एका भाजलेल्या बाईचा नवरा म्हणाला, "आमच्या हिला दुसऱ्या सिस्टर द्या." बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्यात महिनाभराने मेट्रनच्या पदासाठी मुलाखत होती. तिचा हक्काचा नंबर होता, आणि निवड समितीचे अध्यक्ष रविवारची पुरवणी शब्दन् शब्द वाचणारे. त्यांनी ते पान कापून ठेवल्याचं तिच्या कानावर आलं. त्या आठवड्यात धाकटीने एकशे साठ पुस्तकं पोत्यांत भरली आणि रद्दीत घातली. मी अडवायला गेले तर म्हणाली, "राहू दे ताई. मेट्रनच्या घरी शोभत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तडक बृहस्पतीच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, हा आदर का?"

"अहो बाई, विनोद आहे तो! जरा हलकंफुलकं घ्यायला शिका."

"तिच्या नोकरीवर आलंय. माफी छापा."

"माफी? बरं, तुमच्यासाठी म्हणून वाचकांच्या पत्रांत चार ओळी टाकू."

वाचकांची पत्रं म्हणजे सातव्या पानाचा तळ, तिथली अक्षरं वाचायला भिंग लागतं. मी म्हटलं, "अर्धं पान घेऊन बदनामी केलीत. माफी त्याच जागी, त्याच आकारात, तुमच्या सहीने."

तो हसला. खुर्चीत मागे रेलून, पोट हलेपर्यंत हसला. म्हणाला, "सही? बाई, त्या पानावर सही तर तुमचीच आहे. मी म्हणतो, तेव्हा का नाही बोललात?"

चोराच्या उलट्या बोंबा! खाली आले, टेबलाशी बसले आणि ठरवलं की या माणसाला मी त्याच्याच हाताने खड्ड्यात पाडणार.

कसं ते ऐका. बृहस्पती परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकाची पहिली तीस पानं वाचतो आणि शेवटची दहा. मधलं अंदाजाने भरतो. अंदाज चुकतोच. एकदा त्याने एका जिवंत कवीला 'दिवंगत' केलं होतं. एकदा एका कादंबरीतल्या आईला सावत्र आई ठरवून तिच्या क्रौर्यावर परिच्छेद लिहिला होता. दर गुरुवारी मी चिठ्ठी घेऊन वर जायची आणि खालच्या आवाजात सांगायची, "साहेब, हे जरा बघता का?" आभार कधीच मानले नाहीत. उलट सात वर्षांपूर्वी एकदा चारचौघांत त्याचं वाक्य सुधारलं, तर भडकून त्याने परिपत्रक काढलं: 'मुद्रितशोधकांनी मूळ प्रतीबरहुकूम तपासावे, मजकुराच्या आशयात लुडबूड करू नये.' खाली त्याची लफ्फेदार सही. ते परिपत्रक आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे. सात वर्षं मी ते मोडत आले, आपल्या वर्तमानपत्राचं हसं होऊ नये म्हणून. आता पाळायचं ठरवलं.

फार वाट पाहावी लागली नाही. एका फार मोठ्या, वयोवृद्ध लेखिकेची कादंबरी आली. सहाशे पानांची, जड, करडं मुखपृष्ठ. बृहस्पतीने परीक्षण लिहिलं आणि पुस्तक नेहमीप्रमाणे कचेरीच्या फळीवर टाकलं. मी ते घरी नेलं. कापताना राहून गेल्यामुळे मधली कितीतरी पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. ती मीच चाकूने सोडवली, म्हणजे तिथे माझ्याआधी कोण पोचलं नव्हतं हे सांगायलाच नको. आणि त्या मधल्या दोनशे पानांत काय असावं? साठीची विधवा आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक विधुर यांचं प्रेम! पत्रं, रुसवे, स्टेशनवरची ताटातूट, भर पावसात भिजत येणं, आणि शेवटी लग्न. धाकटीच्या कपाटात शोभली असती अशी अस्सल प्रेमकथा. इतकी सुरेख, की वाचताना मीच दोनदा डोळे पुसले.

बृहस्पतीने काय लिहिलं होतं? 'स्वस्त प्रेमकथांच्या या काळात, जिच्यात प्रेमाचा लवलेशही नाही अशी ही कादंबरी म्हणजे मोठा दिलासा आहे. वैधव्याच्या एकाकीपणाला लेखिकेने कुठेही गोड वर्ख लावलेला नाही.'

त्या दिवशी मी वरून खाली वाचलं. सावकाश, दोनदा, चव घेत. एक स्वल्पविराम चुकला होता, तो दुरुस्त केला. सही केली. पान सोडलं.

रविवारी सकाळीच लेखिकाबाईंचा फोन आला म्हणे, आणि सोमवारी त्यांचं पत्र थेट संपादकबाईंच्या टेबलावर. 'आपल्या परीक्षकांच्या हाती माझ्या कादंबरीतली दोनशे पानं लागलेली दिसत नाहीत. ती प्रेमाची आहेत. लिहायला मला चार वर्षं लागली.' पत्राची नक्कल लेखिकाबाईंनी इतर वर्तमानपत्रांनाही धाडली होती, त्यामुळे गावभर हसं झालं. ज्याला त्याला ते पत्र पाठ.

संपादकबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मला म्हणाल्या, "हे तुमच्या नजरेतून सुटलंच कसं?"

"सुटलं नाही. मी कादंबरी वाचली होती, चूक दिसली होती." आणि येताना खिळ्यावरून काढून आणलेलं परिपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. "आशयात लुडबूड करायची नाही असा साहेबांचा हुकूम आहे."

बृहस्पतीचा चेहरा बघायला हवा होता. संपादकबाईंनी परिपत्रक वाचलं, चष्मा काढला आणि त्याला म्हणाल्या, "लेखिकेची जाहीर क्षमा मागा. आणि यापुढे एक चूक, फक्त एक, की सदर बंद." माझ्याकडेही चांगलं रोखून पाहिलं.

लेखिकेची क्षमा छापून आली, चौकटीत, वरच्या बाजूला. मोठ्या माणसांची माफी मोठ्या अक्षरांत असते. माझी धाकटी मात्र होती तिथेच. तिची मुलाखत पुढच्या सोमवारी होती. म्हणजे मधे एकच रविवार उरला होता आणि त्याची पानं सुटणार गुरुवारी सहाला.

गुरुवारी चार वाजता बृहस्पतीचं नवं परीक्षण माझ्या टेबलावर आलं. पुस्तक होतं एका दर्यावर्दी घराण्याचा इतिहास, चारशे तीस पानं. मी पान उचललं, वर गेले, त्याच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि पान त्याच्यापुढे ठेवलं.

"साहेब, हे असंच जाऊ द्यायचं?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "का? काय झालं? काय आहे त्यात?"

"मी काय सांगणार? लुडबूड करायची नाही मला."

"बाई, चेष्टा नको. कुठे आहे चूक?"

"पुस्तक तुम्ही वाचलंय ना? मग तुम्हाला ठाऊकच असणार."

त्याने पुस्तक ओढलं आणि भराभरा पानं उलटायला लागला. इथे बोट घाल, तिथे बोट घाल, परत मागे जा. कपाळावर घाम. मी समोर बसून बघत होते. मला त्याची दया येईल असं क्षणभर वाटलं, पण आली नाही. धाकटीचं भोळं हसू आठवलं आणि मी आणखी आरामात बसले.

पावणेपाचला म्हणाला, "हे परीक्षण काढूनच टाकतो."

"काढा. मग अर्धं पान मोकळं. सव्वा तासात काय भरणार?"

हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. "तुम्हाला ती माफी हवी आहे."

"त्याच जागी. त्याच आकारात. आणि तुमच्या हाताने लिहिलेली. मी मजकूर पुरवणार नाही."

लिहिलं त्याने. पहिल्यांदा लिहिलं, 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास'. मी म्हटलं, "असल्यास? तुम्हाला शंका आहे? परत लिहा." दुसऱ्यांदा सगळा दोष विनोदाच्या माथी मारला. तोही कागद फाडायला लावला. तिसऱ्यांदा मात्र घड्याळाकडे बघत खरं लिहिलं. त्या सिस्टरने आपल्याला दीड तास दिला. ती का वाचते हे विचारल्यावर तिने भाजलेल्या माणसांबद्दल आणि माहीत असलेल्या शेवटाबद्दल जे सांगितलं, ते आपल्या वहीत होतं आणि आपण मुद्दाम वगळलं. तिच्या कामाबद्दलचं शेवटचं वाक्य आपण मनाने रचलं, त्याला काहीही आधार नव्हता. धाकटीचे शब्द त्याने वहीतून जसेच्या तसे उतरवले. म्हणजे लिहून घेतले होते मेल्याने!

"आता तरी सांगा," तो म्हणाला, "परीक्षणात चूक काय होती?"

"पुस्तक वाचा, साहेब. सापडेल."

सहाला पाच मिनिटं असताना पान सुटलं. आता तुम्हाला म्हणून सांगते, दर्यावर्दी घराण्याचं ते पुस्तक मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. परीक्षणात चूक होती की नव्हती, देव जाणे. ज्याने पुस्तक वाचलं असतं, तो मला म्हणाला असता, 'बाई, चालत्या व्हा.' त्याची तशी छाती झाली नाही.

सोमवारी मुलाखत झाली. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, "त्या लेखातल्या सिस्टर तुम्हीच ना?" धाकटी म्हणाली, "हो, मीच. आणि काल ज्यांची माफी मागितली त्याही मीच. दोन्ही कात्रणं एकत्र ठेवा, साहेब." समितीतल्या एक डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या, पण या वेळी तिच्या बाजूने. आठवड्याने पत्र आलं. माझी धाकटी मेट्रन झाली. तिने माझ्या गळ्यात पडून म्हटलं, "ताई, तू भलतीच खुनशी आहेस गं." मी म्हटलं, "आहेच मुळी."

इथे थांबले असते तर बरं होतं.

त्या आनंदात मी वाचनालयात गेले आणि तिच्या आवडत्या धाटणीची, अगदी नवी कोरी कादंबरी घेऊन आले. तिच्या उशाशी ठेवली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. पुस्तक होतं तिथेच, धूळ खात. शेवटी विचारलं, "अगं, वाचत का नाहीस?"

ती उशीचा अभ्रा बदलत होती. थांबली नाही, वर बघितलंही नाही. "दोनदा उघडलं, ताई. पहिल्या पानावरच वाटतं, कुणीतरी मागे उभं राहून बघतंय आणि हसतंय. मग मिटून ठेवते. आता नाही होत गं माझ्याने."

मग संध्याकाळी वॉर्डातून आल्यावर ती काय करते? काही नाही. खुर्चीत बसते, भिंतीकडे बघते, जेवते, झोपते. पूर्वी त्या वेळात ती हसायची, पानं उलटता उलटता 'अय्या!' म्हणायची, मला एखादा संवाद वाचून दाखवायची आणि मी तोंड वाकडं करायची. पुस्तक मी वाचनालयात परत करून आले.

बृहस्पती आता प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो म्हणे. डोळ्यांखाली काळं आलंय. तरी त्याची खात्री होत नाही. दर गुरुवारी खाली येऊन माझ्या टेबलाशी उभा राहतो आणि विचारतो, "बाई, ठीक आहे ना?" मी आधी माझा चहा संपवते. अगदी तळापर्यंत. मग कप बाजूला ठेवते, पेनाचं टोपण काढते, आणि तरीही उत्तर देत नाही. घामाघूम होऊन तो परत वर जातो.

परवा संपादकबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "पुरे करा आता. माफी मिळाली, बहिणीला पद मिळालं. अजून काय हवंय तुम्हाला?"

म्हटलं, "तिचं वाचणं परत आणून द्यायला सांगा त्याला. लगेच सोडते."